‘नुसती समज द्या’ म्हणून आलेलं एक प्रकरण

हे प्रकरण कोल्हापुरातल्या एका समुपदेशन केंद्रातलं. ओळख पटू नये म्हणून कामाची ठिकाणं, गाव, मुलाची इयत्ता असं बरंच बदललंय, नावं तर कुणाचीच देत नाही, बाईला इथं नुसतं ताई म्हणते. निर्णय कोणत्या क्रमानं झाले आणि ते घेताना कोण काय म्हणालं हे मात्र जसंच्या तसं आहे. जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसेची जोखीम कशी मोजायची याचं ट्रेनिंग आता बऱ्याच ठिकाणी होतं, प्रश्नावली हातात मिळते, सर्टिफिकेट मिळतं, पण प्रश्नावली भरून झाली की समोर बसलेल्या बाईला संध्याकाळी कुठं पाठवायचं हे त्या ट्रेनिंगमध्ये फारसं येत नाही. आणि आमचं सगळं काम तिथूनच सुरू होतं, म्हणून हे सविस्तर लिहिते.

पार्श्वभूमी

ताई तिशीच्या आतबाहेरची, लग्नाला नऊ वर्षं, मुलगा दुसरीत. माहेर पन्हाळा तालुक्यात. शहराच्या कडेला भाड्याच्या दोन खोल्या, त्यात नवरा, मुलगा आणि सासू. नवरा शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत कामाला होता, पाच महिन्यांपूर्वी काम सुटलं ते सुटलंच. ताई महाद्वार रोडला कापड दुकानात, पगार खात्यावर जमा व्हायचा आणि एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात. भावकी दोनदा बसली होती, दोन्ही वेळेला त्यानं मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली.

त्यानंतर ती एका पोलीस ठाण्यात गेली. तिथं एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद झाली, ‘शिवीगाळ व किरकोळ मारहाण’ एवढंच त्यात, आणि केंद्रात जावा, ते बोलावून समज देतील असं सांगून आमच्याकडं पाठवलं. तिचं स्वतःचं मागणंही तेवढंच होतं. "मॅडम, मला केस-बिस काय करायची न्हाई. तुमी नुसतं बोलवून समज द्या. दारू सोडली की माणूस लई चांगला हाय ओ."

आमच्या पद्धतीप्रमाणं सोमवारी दोघांची एकत्र बैठक लावली गेली, नवऱ्याला फोनही गेला. बहुतेक केंद्रांत हेच होतं. आधी बाईचं ऐकायचं, मग दोघांना समोरासमोर बसवायचं, हमीपत्र लिहून घ्यायचं. ह्या पद्धतीनं अनेक घरं सावरली आहेत हे मी नाकारत नाही, पण ती कुणासाठी चालते आणि कुणाला धोक्यात घालते हे तारीख देण्याच्या आधी तपासायला पाहिजे.

अडचण कुठं दिसली

केंद्रातली नवी समुपदेशक नुकतंच जोखीम मूल्यांकनाचं ट्रेनिंग करून आली होती. बैठकीच्या आधी एकदा ताईला एकटीला बोलावते म्हणाली, मी हो म्हटलं.

तिच्याकडं जॅकलिन कॅम्पबेल यांची डेंजर असेसमेंट होती, म्हणजे बाईच्या जिवाला किती धोका आहे हे मोजायची प्रश्नावली. कॅम्पबेल अमेरिकेतल्या, मूळच्या नर्सिंगमधल्या संशोधक, त्यांनी हे साधन 1985 मध्ये तयार केलं, पुढं सुधारलं, आता त्यात 20 प्रश्न आहेत आणि त्याआधी गेल्या वर्षभराचं कॅलेंडर भरायचं असतं. हे कॅलेंडर लोक वगळतात, वेळ नाही म्हणून, आणि माझ्या मते तेच सगळ्यात कामाचं आहे. विचारलं की बाई म्हणते ‘कधीतरी होतं’, पण कॅलेंडर समोर ठेवलं की तिचं तिलाच दिसायला लागतं. इथं भिंतीवरचं कालनिर्णयच काढून घेतलं. तारखा ताईला आठवत नव्हत्या, सण आठवत होते. जोतिबाच्या यात्रेला कानफटात मारली. श्रावणात काही नाही. गणपतीत ढकललं, मनगट सुजलं. नवरात्रात एकदा, त्याबद्दल ती पटकन पुढं गेली. दिवाळीनंतर जवळजवळ प्रत्येक आठवड्यात खूण. सगळ्या खुणा करून झाल्यावर ताई त्या पानांकडं बघत म्हणाली, "एवढं झालंय व्हय." काम गेल्यापासून मारहाण वाढत गेलेली अशी स्पष्ट दिसत होती.

मग प्रश्न. गळा दाबला का? "न्हाई." समुपदेशक तिथं थांबली नाही हे महत्त्वाचं. थोड्या वेळानं तिनं दुसऱ्या बाजूनं विचारलं, श्वास घ्यायला त्रास होईल असं कधी काही केलं का, मानेवर हात, कोपर, उशी, ओढणी? ताई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ओढणी पिरगाळली हुती, नवरात्रात एकदा आन् परवाच्या शुक्रवारी परत, खरं रागात, लगेच सोडली. डोळ्यापुढं अंधारी आली आणि कपड्यातच लघवी झाली, हे सांगताना तिनं मान खाली घातली. तिला त्याची लाज वाटत होती, आणि ऐकणाऱ्याला हे माहीत पाहिजे की ते मेंदूला ऑक्सिजन कमी पडल्याचं लक्षण आहे, म्हणजे ती मरणाच्या अगदी जवळ जाऊन आली होती.

मानेवरचा दाब नीट बसला तर दहा सेकंदांच्या आसपास शुद्ध जाऊ शकते, आणि बाहेरून काहीच न दिसणं हे नेहमीचंच आहे. अमेरिकेतल्या सॅन दिएगोमधल्या अशा 300 प्रकरणांचा अभ्यास 2001 मध्ये आला, त्यात निम्म्या बायकांच्या मानेवर दिसेल अशी एकही खूण नव्हती. नॅन्सी ग्लास आणि कॅम्पबेल वगैरेंच्या 2008 च्या अभ्यासात असं दिसलं की आधी गळा आवळला गेलेल्या बाईचा पुढं त्याच माणसाकडून खून होण्याची शक्यता सात पटींहून जास्त. ‘किरकोळ मारहाण’ ह्या शब्दांखाली हे दडलेलं होतं.

बाकीच्या उत्तरांतही बरंच निघालं. दारू रोज. दुकानातल्या मालकावरून संशय, दिवसातून दहा वेळा व्हिडिओ कॉल. ‘सोडून गेलीस तर तुला मारीन आन् मी औषध पिऊन मरीन’ हे वाक्य, निदान तीनदा. बंदूक आहे का हा तिकडचा प्रश्न, इथं समुपदेशकानं कोयता, रॉकेल, पेट्रोल, शेतातलं औषध असं विचारलं. कोयता घरात होताच, ऊसपट्ट्यातल्या घरात तो असतोच, पण दोन महिन्यांपूर्वी त्यानं तो धार लावून आणून पलंगाखाली ठेवला होता. तो खरंच मारेल असं वाटतं का विचारल्यावर ताई म्हणाली, "छे ओ, एवढं धाडस न्हाई त्यांच्यात." ह्या उत्तरावर विसंबून चालत नाही. कॅम्पबेल यांच्या 2003 च्या 11 शहरांच्या अभ्यासात ज्यांच्यावर जीवघेणा हल्ला झाला त्यांच्यातल्या जवळपास निम्म्या बायकांना आपल्या जिवाला धोका आहे याचा अंदाज नव्हता. उलट बाई ‘मारेल’ म्हणाली तर ते मात्र शंभर टक्के गंभीरपणे घ्यायचं.

त्यात अजून एक गोष्ट अशी की प्रश्नावलीतून आलेला आकडा आधीच गंभीर गटात होता, आणि ताई तेव्हा अजून नवऱ्यासोबतच राहत होती. त्या मोजणीत वेगळं होण्याला बरंच जड वजन आहे. म्हणजे आपण तिला ‘निघ तिथून’ असं सांगितलं की ज्या दिवशी ती निघेल त्याच दिवशी तिचा धोका वाढणार. हे डोक्यात ठेवूनच पुढचे सगळे निर्णय घ्यायचे होते.

कोणते पर्याय होते

सोमवारची बैठक घ्यायची का, यावर आमच्यात वाद झाला. एका जुन्या सहकाऱ्याचं म्हणणं, बैठक रद्द केली तर त्याला संशय येईल, घेऊ आणि कडक समज देऊ. संशयाचा मुद्दा बरोबर होता. पण त्या खोलीत ताईला त्याच्यासमोर ओढणीचं सांगावं लागलं असतं, त्यानं मान डोलावून हमीपत्रावर सही केली असती, आणि मग दोघं एकाच गाडीवर बसून घरी गेली असती. त्या गाडीवर आणि त्या रात्री घरात काय होईल याची जबाबदारी कुणी घ्यायची? मी बैठक घ्यायची नाही असं ठरवलं. केंद्राचं ऑडिट त्या महिन्यात खरंच चालू होतं, तेच कारण देऊन तारीख पुढं ढकलली, ताई काही बोललीय याचा वासही त्या फोनमध्ये येऊ दिला नाही.

गुन्हा दाखल करायचा का? भारतीय न्याय संहितेचं 85 कलम, म्हणजे जुनं 498अ, लागत होतंच, गळ्याच्या प्रकारावरून 109 म्हणजे खुनाच्या प्रयत्नापर्यंत जाता आलं असतं. ताई नको म्हणाली. चार दिवसांत जामिनावर सुटून आला तर मी कुठं जाऊ, हा तिचा प्रश्न आणि आमच्याकडं त्याला धड उत्तर नव्हतं. सज्ञान बाईवर गुन्हा लादला की ती परत केंद्राची पायरी चढत नाही असं मला वाटतं, त्यामुळं जबरदस्ती केली नाही, पण गळा आवळण्याचा अर्थ काय होतो हे तिला न लपवता, आकड्यांसकट सांगितलं. ते ऐकल्यावर पहिल्यांदा ती घाबरली.

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा रस्ता तिला पटला. 12 कलमाखाली अर्ज, 23 खाली तातडीचा एकतर्फी अंतरिम आदेश, 18 खाली संरक्षण. त्याच घरात राहून नवऱ्याला बाहेर काढायचा आदेश 19 खाली मागता येतो, त्याचाही विचार केला, पण तो त्याच गल्लीत मित्राकडं राहिला असता आणि दाराला कडीसुद्धा नीट नव्हती. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळाला, बाईसाठी त्यात उत्पन्नाची अट नसते, हे अजूनही कितीतरी जणींना माहीत नाही.

राहायचं कुठं, यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. सखी वन स्टॉप सेंटर, म्हणजे हिंसा झालेल्या बायकांसाठीचं सरकारी केंद्र, तिथं पाच दिवसांपर्यंत राहता येतं, पुढं निवारागृह. आमच्या मते तेच सुरक्षित, पत्ता त्याला माहीत नाही. ताईनं साफ नकार दिला. "तिथं ऱ्हायलो तर आमच्या आण्णांना गावात तोंड दाखवता येणार न्हाई." माहेरचा पत्ता त्याला पाठ, सासरवाडीची वाट अंधारातही सापडेल त्याला. तरी ती माहेरीच जाणार होती. मग नको म्हणत बसण्यात अर्थ नव्हता, माहेर जमेल तेवढं सुरक्षित करायचं हे काम उरलं.

काय केलं

आधी दवाखाना. सरकारी दवाखान्यात पहिल्या कागदावर ‘बाह्य जखम नाही’ एवढंच आलं. समुपदेशक सोबत होती, तिनं डॉक्टरांना विनंती करून घसा बसलेला आहे, गिळताना दुखतंय, शुद्ध हरपत होती, लघवी झाली हे सगळं रुग्णाच्या शब्दांत लिहून घेतलं. तो कागद पुढं कोर्टात फार उपयोगी पडला. गळा आवळल्यावर मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन काही दिवसांनीही पक्षाघाताचा झटका येऊ शकतो, त्यामुळं तपासणी नुसत्या पुराव्यासाठी नसते, हेही तिला सांगितलं.

मग मोबाईल. तिचं गुगल खातं नवऱ्याच्या फोनवर उघडंच होतं, म्हणजे ती कुठं आहे हे त्याला दिसत होतं. ते लगेच बंद केलं असतं तर त्याला त्याच रात्री कळलं असतं, म्हणून निघायच्या दिवसापर्यंत तसंच ठेवलं. आमच्याशी बोलायला ती दुकानातल्या मैत्रिणीचा फोन वापरायची. आधार, मुलाचा जन्मदाखला, डोरलं असं एकेक करून त्याच मैत्रिणीकडं पोचलं. पगारासाठी दुसऱ्या बँकेत खातं काढलं. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या 2006 च्या नियमांत सुरक्षा आराखड्याचा फॉर्म 5 आहे, बहुतेक फायलींत तो कोरा असतो, संरक्षण अधिकाऱ्यांनी, म्हणजे ह्या कायद्याखाली सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्यांनी, तो ताईसोबत बसून शब्दन् शब्द भरला.

निघायचा दिवस ताईनंच ठरवला. कामाचाच वार, सकाळी नेहमीसारखी डबा घेऊन, मुलाला शाळेत सोडायच्या निमित्तानं. भांडणाच्या रात्री रागानं निघायचं नाही हे तिला पटवलं होतं.

गावात मी आणि संरक्षण अधिकारी आधीच जाऊन आलो होतो. पोलीस पाटील पहिल्यांदा म्हणाले, नवरा-बायकोचं भांडण, आज भांडतील उद्या एक होतील, आपण कशाला मध्ये. तिथं बसलेले एक रिटायर गुरुजी म्हणाले, पाटील, शाहू महाराजांनी करवीर संस्थानात बायकांच्या छळाविरुद्ध कायदा केला तो 1919 साली, आणि तुम्ही आज म्हणताय कशाला मध्ये? पाटील गप्प झाले. मग त्यांनीच गल्लीतली चार पोरं ठरवली, त्याच्या गाडीचा नंबर घेतला, 112 ला फोन कुणी करायचा तेही ठरलं.

अर्ज माहेरच्या हद्दीतल्या कोर्टात केला, बाई तात्पुरती जिथं राहते तिथं करता येतो, 27 कलमात तशी सोय आहे. अंतरिम आदेश मिळाला. आता नोटीस. 13 कलमाप्रमाणं संरक्षण अधिकाऱ्यांना नोटीस जास्तीत जास्त दोन दिवसांत बजावायची असते, म्हणजे तो दिवस आपल्याला आधी कळतो. नवऱ्याच्या हातात तो कागद पडणार ती रात्र सगळ्यात वाईट असणार हे आम्ही धरून चाललो होतो. त्या रात्रीपुरतं ताई आणि मुलगा दुसऱ्या गावी मावशीकडं गेले.

पुढं काय झालं

संध्याकाळी सातच्या सुमाराला मैत्रिणीच्या फोनवर फोन आला, सासूचा. "त्यानं नोटीस फाडली आन् गाडी काढलीया. पिशवीत काय घेतलंय ते मला ठावं हाय. पोरीला म्हणावं लप कुठंतरी." सासूला आम्ही सगळेच विरोधी पक्षात धरून चाललो होतो. ताईसुद्धा. भावकीच्या बैठकीत ती मुलाच्याच बाजूनं बोलली होती, आणि त्या रात्री जिनं वेळेत खबर दिली ती तीच. तिच्याकडं आमचा नंबर नव्हता, ताईच्या मैत्रिणीचा कुठून मिळवला देव जाणे.

तो दारू पिऊन गावात आला, दारात आरडाओरडा केला. घरात फक्त आण्णा आणि भाऊ. पोरांनी अडवलं, पिशवी काढून घेतली, कोयता होता. 112 ची गाडी आली, आधी प्रतिबंधक कारवाई झाली आणि दोन दिवसांनी ताईनं स्वतः येऊन गुन्हा दाखल केला, ओढणीच्या दोन्ही प्रसंगांसकट. आता तिला समजावायची गरज पडली नाही.

तो काही आठवड्यांनी जामिनावर सुटला. दोनदा दुसऱ्याच्या फोनवरून मेसेज पाठवले, 31 कलमाखाली आदेशभंगाची तक्रार केली, त्यानंतर मेसेज थांबलेत. ताई आता तालुक्याच्या गावी एका टेलरकडं कामाला जाते, मुलाची शाळा बदलली. तिनं मधे एकदा केस मागं घ्यायचा विचार केला होता, दिवाळीच्या दिवसांत, मुलगा बापाची आठवण काढून रडायचा म्हणून. आम्ही तिला रागावलो नाही, परत कागद घेऊन बसलो, तिनं स्वतः ठरवलं की नाही. मुलाची भेट कोर्टाच्या आवारात, महिन्यातून दोनदा.

वेगळं काय करता येईल

ठाण्यातल्या टेबलावर एनसी लिहिताना तीन प्रश्न जरी विचारले, मारहाण वाढतेय का, श्वास कोंडेल असं काही केलं का, मारून टाकायची धमकी दिली का, तर ही बाई आमच्याकडं ‘समज द्या’ म्हणून आलीच नसती. मेरीलँडमध्ये पोलीस घटनास्थळीच 11 प्रश्न विचारून बाईचं लगेच केंद्राशी फोनवर बोलणं करून देतात, त्यासाठी वेगळं खातं लागत नाही.

शाळेला आमच्याकडून उशिरा कळवलं गेलं. नोटिशीनंतर तो जुन्या शाळेत मुलाला न्यायला गेला होता, मुलगा तिथं नव्हता म्हणून निभावलं. आराखड्यात शाळा पहिल्या पानावर पाहिजे, दाखला काढून घेताना नव्या शाळेचं नाव कुणाला सांगायचं नाही हेसुद्धा.

घरातल्या प्रत्येक माणसाबद्दल ‘हा कुणाच्या बाजूचा’ एवढंच न विचारता ‘ह्याला काय काय कळू शकतं’ असं विचारलं पाहिजे. सासूशी आधी सुरक्षितपणे बोलता आलं असतं का, यावर आमच्यात अजून एकमत नाही. बोललो असतो आणि तिनं मुलाला सांगितलं असतं तर सगळाच आराखडा उघडा पडला असता. माझं मत, निघण्याच्या आधी नाही, पण नोटिशीच्या दिवशी एक नंबर तिच्या हातात पडायला पाहिजे होता.

ट्रेनिंगबद्दलही थोडं बोलते. नवी मुलं आकड्यावर फार विसंबतात. आकडा कमी आला म्हणजे बाई सुरक्षित असं होत नाही, ही साधनं तिकडच्या आकड्यांवर बेतलेली आहेत, इथली भावकी, औषध प्यायची धमकी, माहेरचा पाठ असलेला पत्ता हे त्यात आपोआप येत नाही, ते विचारणाऱ्यालाच आणावं लागतं. वेल्समध्ये कार्डिफला 2003 पासून जास्त धोक्यातल्या बायकांसाठी पोलीस, आरोग्य, निवारा असे सगळे ठरलेल्या दिवशी एका टेबलाशी बसतात. इथं आम्ही तेच फोनाफोनी करून केलं आणि ते जमलं कारण माणसं ओळखीची होती. बदली झाली की ती ओळख जाते, म्हणून महिन्याला एक ठरलेली बैठक हवी, आम्ही ती मागतोय.

आणि नवरा. काम गेलेलं, रोज दारू, मरायची भाषा, हे सगळं ताईसाठी जोखमीचं होतं तसं त्याच्या जिवासाठीही होतं. आमच्यातलं कुणीच त्याच्याशी ह्या विषयावर बोललं नाही. ताईच्या केंद्रातून ते होऊच नये असं माझं ठाम मत आहे, तिचा विश्वास तुटेल, पण मग व्यसनमुक्तीवाला, मानसोपचार विभाग, प्रोबेशन, कुणीतरी नेमून दिलेला माणूस पाहिजे जो त्याच्यावर लक्ष ठेवेल आणि काही बिघडतंय दिसलं तर संरक्षण अधिकाऱ्यांना कळवेल. भेटीचा आदेश बदलायचा त्याचा अर्ज आता कोर्टात आहे, मुलाला घरी न्यायची परवानगी मागितलीय. त्या सुनावणीत आम्ही हीच अट घालायला सांगणार आहोत.